वाढू का अजून?

पीयूसीच्या व्हॅनमधल्या पोरानं माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं, नळी काढून फडक्यानं पुसली आणि पुन्हा घातली. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकून दुसऱ्यांदा लावला की घरच्यांच्या पोटात येतो तसा गोळा माझ्या पोटात आला. दुसऱ्यांदाही तेच निघालं असावं, कारण पोरगं खाली उतरलं आणि आवाज खाली आणून म्हणालं, ‘‘काका, गाडी लई रिच चाललीय.’’

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वडील सचिवालयात कारकून, आजोबा कोकणातून मुंबईला आले ते एका वळकटीनिशी. आमच्या तीन पिढ्यांत ‘रिच’ हे विशेषण कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. एकदाचं लागलं ते २००९ सालच्या, मागच्या बंपरला चरा पडलेल्या गाडीला, आणि तेही नापास करताना. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोष तिचा नव्हता, हे पुढे येईलच. आणि वय झालेल्या बाईचं नाव चारचौघांत कशाला घ्या.

‘‘रिच म्हणजे?’’

‘‘म्हणजे पेट्रोल जास्त पितेय. जळत नाही सगळं. सीओ बघा ना.’’

कागदावर ३.८ होतं. तिच्या पिढीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्यापर्यंत माफ असतो. आयुष्यभर खातेदारांना ‘लिमिट ओलांडलंय तुमचं’ असं सांगत आलेल्या माणसाला कुणीतरी नळी लावून तेच सांगत होतं. पीयूसीशिवाय गाडी चालवली तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, ही माहिती त्यानं न विचारता पुरवली.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला झाली अकरा किलो हवा. अकरा किलो हवा म्हणजे साधारण नऊ हजार लिटर. आमचं बाथरूम मी टेपनं मोजलं. बरोबर नऊ घनमीटर भरलं. म्हणजे पेट्रोलचा एक लिटर पोटात गेला की गाडीला आमचं अख्खं बाथरूम भरून हवा ओढावी लागते. तेवढी मिळाली नाही, किंवा पेट्रोलच जास्त पडलं, की उरलेलं अर्धकच्चं जळून काळा धूर होऊन बाहेर पडतं. बायको म्हणाली, ‘‘हे सगळं ठीक आहे, पण बाथरूममधून बाहेर या.’’

खरं तर गाडी दोन महिने सांगत होती. अ‍ॅव्हरेज पंधरावरून नऊवर आलं होतं. सिग्नलला उभी असताना इंजिन उगाच चढ्या आवाजात बोलायचं, ब्रेकवरचा पाय जरा सैल पडला की पुढे सरकायची. पेट्रोलचा वासही यायचा. पण मी पडलो डोंबिवलीकर. आमच्याकडे २०१४ साली हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि आज कुठला वास आहे यावर जेवताना चर्चा करायची, हा आमचा जुना शिरस्ता. अशा गावात पेट्रोलचा वास आला तर माणूस म्हणतो, चला, आज निदान ओळखीचा आहे.

शिवाय डॅशबोर्डवर एक छोटा निळा दिवा सारखा लागलेला असायचा. लाल दिवा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, एवढं मला ठाऊक होतं. निळा रंग शांततेचा, तेव्हा सगळं आलबेल असल्याची ती पोच असावी असं मी ठरवून टाकलं होतं.

आमच्या सोसायटीत तीन निवृत्त इंजिनिअर आहेत. एक सिव्हिल, एक केमिकल आणि एक विमा एजंट, पण मत देताना तेही इंजिनिअरच. सिव्हिलवाल्यांनी एअर फिल्टर बदलायला सांगितला. बदलला. जुन्यात पिंपळाची पानं आणि वडापावचा कागद निघाला, समाधान वाटलं, धूर तेवढाच राहिला. विमावाल्यांनी सगळं खापर पेट्रोलमध्ये घातलेल्या इथेनॉलवर फोडलं. त्यावर केमिकलवाले बाह्या सरसावून उठले. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला हवा कमी पुरते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटेल, पण मिश्रण पातळ होईल, दाट नाही. धूर काळा असेल तर इथेनॉल निर्दोष आहे, असा निकाल त्यांनी पार्किंगमध्येच दिला. निकाल बरोबर होता. पण निर्दोष सुटणाऱ्यांची यादी वाढत चालली होती आणि आरोपी काही सापडत नव्हता.

याच दिवसांत चंपाषष्ठीला आम्ही कल्याणला आत्याकडे गेलो.

आत्या पारनाक्याजवळ राहते. वय चौऱ्याऐंशी, नजर शाबूत, ऐकू येणं सोयीनुसार. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘‘किती रे वाळलास!’’ माझं वजन सध्या ब्याऐंशी किलो आहे. चौथीत असताना मला टायफॉइड झाला होता आणि मी एकवीस दिवस आत्याकडे अंथरुणाला खिळून होतो. उठलो तेव्हा शाळेचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. आत्यानं तेव्हा मला जे डोळे भरून पाहिलं ते पाहिलंच. मध्यंतरी माझी मुंज झाली, लग्न झालं, बढत्या झाल्या, दोन वेळा पँटी उसवून मोठ्या केल्या. आत्याच्या नजरेतला काटा त्या एकविसाव्या दिवसावर अडकलेला आहे.

त्यामुळे तिच्याकडे जेवण म्हणजे लढाई. ‘पुरे’ म्हटलं तर तिला ‘लाजतोय’ असं ऐकू येतं. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून आमटी येते. दोन्ही हात धरले तर ती थांबते, आपण पाणी प्यायला हात उचलेपर्यंत. त्या दिवशी भरीत आणि रोडगे होते. तिसऱ्या रोडग्यानंतर मी नुसता श्वास घेत बसलो होतो, आणि ती माझ्याकडे बघून माझ्या बायकोला म्हणत होती, ‘‘घरी जेवतो की नाही गं हा?’’

खाली आलो तर गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की घर्र घर्र, आणि पेट्रोलचा भपकारा. सकाळी थंड असताना एका झटक्यात सुरू होणारी गाडी, गरम करून तासभर उभी केली की रुसून बसायची. रस्त्यापलीकडून एक रिक्षावाला ओरडला, ‘‘अ‍ॅक्सिलेटर फुल्ल दाबा आणि सेल्फ मारा! ओव्हर झालंय तिला.’’ पाय पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडायचं थांबवतो आणि आतलं साचलेलं निघून जातं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की गाडीनं मागे एक काळाकुट्ट ढेकर दिला आणि ती सुरू झाली. तीन रोडग्यांनंतर मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री काम शिकले ते फियाटवर. त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांचाच हात फियाटवर बसलेला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट बाहेर पडायची; सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, तरी मुंबईकरांच्या तोंडून ‘फियाट’ काही सुटलं नाही. पुढे कंपनी आमच्या दारात, कल्याण-शीळ रस्त्यावरही आली. नव्वदच्या दशकात तिथं फ्रान्सच्या पूजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी बनू लागली, तेव्हा डोंबिवलीत ‘आमचा मुलगा प्रीमियरला आहे’ या वाक्याला स्थळांच्या बाजारात वजन होतं. ते सगळं मोजक्या वर्षांत आटोपलं. मागे राहिलं ते प्रीमियर ग्राउंड हे नाव आणि राजकीय सभांचे मांडव. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींनी त्या दिवशी शेड बंद ठेवली होती म्हणे. त्यांचा मुलगा म्हणतो, दाढ काढायची होती म्हणून. मी पहिलं कारण धरून चालतो.

मिस्त्रींनी बॉनेट लगेच उघडलं नाही. आधी सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, हातानं थोडी हवा नाकाकडे ओढून घेतली. मग एक पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं आणि मला रेस द्यायला सांगितलं. फडक्यावर काळे ठिपके उमटले. ‘‘तेल नाही,’’ ते म्हणाले, ‘‘तेल असतं तर धूर निळा असता आणि फडकं चिकट झालं असतं. ही काजळी.’’

मग एक प्लग खोलून उन्हात धरला. वैद्य जीभ बघतात तसं मिस्त्री प्लग बघतात. तब्येत चांगली असेल तर टोकाचा रंग फिकट कॉफीसारखा येतो. माझ्या गाडीचा प्लग दिवाळीतल्या पणतीच्या वातीसारखा होता, कोरडा, मऊ काळा. बोट लावलं तर बोट काळं. ऑइलची पट्टी काढून त्यांनी तीही हुंगली आणि नाक मुरडलं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं.

‘‘साहेब,’’ ते फडक्याला हात पुसत म्हणाले, ‘‘चोक ओढलेला राहिलाय.’’

‘‘अहो, या गाडीला चोक कुठाय? ही इंजेक्शनची गाडी.’’

‘‘आहे. फक्त तुमच्या हातात नाही.’’

आता चोक म्हणजे काय, हे ज्यांनी फियाट चालवली त्यांना सांगायला नको. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं थंड भिंतींना थेंब होऊन चिकटतं. तेव्हा हवेची वाट अडवायची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि त्यातलं पेटण्यापुरतं तरी वाफ होऊन पोचतं. थंडीच्या सकाळी डॅशबोर्डखालची ती गुंडी ओढायची, सेल्फ मारायचा, इंजिन तापलं की गुंडी आत. ती आत ढकलायला विसरणारी एक वेगळी जमात होती. त्यांच्या गाड्या सायनपर्यंत काळा धूर सोडत जायच्या आणि पाठीमागचा बेस्टचा ड्रायव्हर त्यांच्या आईवडिलांची विचारपूस करायचा.

‘‘आता ते काम कॉम्प्युटर करतो,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘माणूस विसरायचा, तसा हाही विसरला असेल. नाहीतर त्याला कुणीतरी खोटं सांगतंय.’’ त्यांनी रेडिएटरकडे जाणारी वरची नळी चिमटीत धरली आणि झटकन सोडली. ‘‘इंजिन तर चांगलं तापलंय. थर्मोस्टॅट बरोबर उघडतोय. म्हणजे गरम आहे, पण कळवलं जात नाहीये.’’ माझ्याकडं मशीन नाही, ठाण्याला जा, असं म्हणून त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. पैसे घेतले नाहीत. प्लग मात्र पेट्रोलमध्ये धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून परत बसवून दिला.

डोंबिवलीहून ठाणे रेल्वेनं पंचवीस-तीस मिनिटं. रस्त्यानं काटई नाका, शीळफाटा, मुंब्रा बायपास आणि दैव. दोन कंटेनरच्या मधे पाऊण तास उभा असताना तो निळा दिवा माझ्याकडे शांतपणे बघत होता.

वागळे इस्टेटमधला मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्यानं स्टिअरिंगखाली कुठंतरी एक वायर खुपसली, टॅबवर बोट फिरवलं आणि फिस्सकन हसला. टॅब माझ्याकडे वळवला. कूलंट टेंपरेचर: ४.

‘‘चार काय?’’

‘‘चार अंश, काका. तुमच्या गाडीला वाटतंय ती सिमल्यात उभी आहे.’’

बाहेर ठाण्याचं दुपारचं ऊन होतं. बॉनेटवर पापड भाजला असता. पण इंजिनच्या अंगाला चिकटलेला तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला चार अंश सांगत होता आणि कॉम्प्युटर बिचारा जिवाचा आटापिटा करून थंडीत कुडकुडणाऱ्या इंजिनला पेट्रोल पाजत होता. तेवढ्यासाठीच इंजिनची गती चढी, तेवढ्यासाठीच गाडी सिग्नलला पुढे सरकायची. निळा दिवाही तोच: इंजिन अजून थंड आहे, असं सांगणारा. रेडिएटरच्या पंख्याचा स्विच माझ्या गाडीत वेगळा आहे म्हणून निभावलं. तोही या सेन्सरच्या भरवशावर असता तर मुंब्रा बायपासवर मी इंजिन उकडून खाल्लं असतं.

‘‘पण जास्त होतंय हे कळत नाही का त्याला?’’ मी विचारलं.

‘‘कळतं ना. हा बघा ऑक्सिजन सेन्सर.’’ टॅबवर एक रेघ वरच्या कडेला, ०.९ व्होल्टपाशी, छताला पाल चिकटावी तशी चिकटली होती. ‘‘हा सायलेन्सरमधून ओरडतोय, पुरे, पुरे, हवा संपली. पण इंजिन गरम झाल्याशिवाय कॉम्प्युटर याचं ऐकतच नाही. सिस्टमच तशी आहे. थंड असताना हा काय बोलतो ते धरायचं नाही. आणि याच्या मते इंजिन अजून थंडच आहे.’’

मी गॅरेजमधल्या टायरवर बसलो. पानावर धरलेले दोन हात मला दिसत होते, आणि बोटांच्या फटीतून येणारी आमटी.

मुलानं सेन्सरचा कपलर ओढून काढला. आतल्या दोन पिनांवर हिरवा थर होता. ज्यांच्या घरी पितळी भांडी होती त्यांना हा हिरवा रंग माहीत आहे. कल्हई गेली की चढतो तो कळंक. हा सेन्सर म्हणजे एक रोध असतो. थंड असताना रोध जास्त, वीस अंशाला दोन-अडीच हजार ओहम. तापला की कमी, ऐंशी अंशाला तीनशेच्या आसपास. सेन्सर इमानदारीत तीनशेच्या खाली सांगत होता, वाटेत कळंक आपले काही हजार त्यात मिळवत होता, आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचत होतं की थंडी फार आहे. तार तुटली असती तर चेक इंजिनचा दिवा लागला असता. आकडा खोटा होता, पण अशक्य नव्हता, म्हणून कुणाला संशय आला नाही. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. आमच्याकडची मोठी प्रकरणंही अशीच सुटायची.

‘‘इंजिन पाण्यानं धुतलं होतं का?’’ मुलानं विचारलं.

मी गप्प. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी मी गाडी वॉशिंग सेंटरला नेली होती आणि तिथल्या पोराला शंभर रुपये वर देऊन बॉनेट उघडून आतूनही फवारा मारून घेतला होता. ‘आतूनही स्वच्छ पाहिजे’ असं एक सुविचारवजा वाक्यही त्याला ऐकवलं होतं.

‘‘थोडंसं,’’ मी म्हणालो.

सेन्सर साडेचारशेचा, कपलर जुन्या लूममधून कापून आणलेला, वर मजुरी. त्यानं बसवला, बॅटरीची तार काढून परत लावली आणि इंजिन चालू केलं. आम्ही दोघं टॅबवर वाकून उभे राहिलो. ३१. ४०. ५२. तापानं फणफणलेल्या पोराचा पारा उतरताना बघावा तसा मी हा पारा चढताना बघत होतो. सत्तरच्या आसपास डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझला; दोन महिन्यांच्या सोबतीनंतर जरा चुकल्यासारखंच झालं. आणि ती छताला चिकटलेली रेघ सुटली. खाली आली, वर गेली, खाली, वर. ‘‘आता ऐकतोय तो,’’ मुलगा म्हणाला. इंजिनचा आवाज इतका उतरला की पलीकडच्या शेडमधली किशोरकुमारची कॅसेट ऐकू आली.

ऑइल बदललं, चारी प्लग नवे टाकले. पीयूसीच्या पोरानं पुन्हा नळी घातली तेव्हा ०.२ आलं. रिचपण गेलं आणि आम्ही पुन्हा आमच्या पायरीवर आलो.

संक्रांतीला कल्याणला गेलो तेव्हा गाडी वाड्यासमोर, आत्याच्या खिडकीतून दिसेल अशी लावली. ‘‘किती रे वाळलास!’’ झालं. पान मांडलं, गूळपोळी आली, तुपाची वाटी आली. मी तिला सगळी हकिकत सांगितली; विशेषतः सेन्सरचा भाग जरा सावकाश, तिच्याकडे बघत, शब्द निवडून सांगितला. की बिचाऱ्या कॉम्प्युटरची माया खरी होती, पण त्याच्यापर्यंत पोचणारी बातमीच जुनी होती. की इंजिन कधीचं तापलेलं होतं. की ते ‘पुरे’ म्हणत होतं.

आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. आज ऐकू येण्याचा दिवस होता.

‘‘मग आता खाते का नीट?’’

‘‘खाते ना. पूर्वीच्या निम्मं.’’

आत्या उठून खिडकीशी गेली, गजांना धरून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिली.

‘‘तरीच वाळलेली दिसतेय,’’ ती म्हणाली, आणि परत येऊन माझ्या हाताखालून दुसरी पोळी पानात सरकवली.